आमची वाटचाल : चांदीची 'भेसळ'

सुरुवात दोन भागीदारांची आणि एका जुन्या फिरत्या पिंपाची. ते पिंप अजून आहे. त्यात ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) सच्छिद्र गोळ्या फिरत असतात आणि वरून धातूच्या क्षाराचं पाणी बारीक धारेनं सोडायचं. गोळ्या एकमेकींना चिकटू लागल्या की हात आवरायचा, छिद्रं भरली. हा क्षण मला आवाजावरून कळतो.

माल एकच : इथिलिन या प्लॅस्टिकच्या कच्च्या मालातलं नकोसं ॲसिटिलीन काढणारा पॅलॅडियम-चांदी कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया घडवणारा पदार्थ. नुसतं पॅलॅडियम हायड्रोजन जोडून ॲसिटिलीन संपवतं, पण तिथं थांबत नाही; इथिलिनचंही इथेन करून टाकतं. चांदीनं पॅलॅडियमचे अणू पांगतात, इथिलिनवरची पकड सैल होते आणि ते वेळेत सुटतं. प्रतिस्पर्ध्यानं मात्र गिऱ्हाइकांच्या कानात घातलं, 'चांदी घालून पॅलॅडियम वाचवतात.'

त्यातच ती बॅच. पॅलॅडियम नायट्रेट वेळेवर मिळेना, म्हणून क्लोराइड घेतलं. निर्णय माझा. गोळ्या भिजवल्या, सुकवल्या, भट्टीत भाजल्या आणि क्लोराइड गेलं असं धरून सिल्व्हर नायट्रेट सोडलं. ॲल्युमिना क्लोराइड इतक्या सहज सोडत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन वेगळी बसली. पुढे हायड्रोजननं ती धातू झाली खरी, पण जाड कणांत, पॅलॅडियमपासून फटकून. चाचणीत दोन्ही धातूंचं प्रमाण चोख. आम्ही माल पाठवला.

गिऱ्हाइकाकडे बेड, म्हणजे टाकीत भरलेला आमच्या गोळ्यांचा थर, तापत गेला. इथिलिनचं इथेन होताना मोलमागे सुमारे 137 किलोज्यूल उष्णता सुटते. आमची चांदी असून नसल्यासारखी होती. माल परत आला, पैसे अडकले, भागीदार बाहेर पडला. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. (म्हणतो.)

त्या कारखान्याच्या इंजिनिअर बाईंनी मात्र बोल लावण्याआधी तापमानाचा आलेख पाठवला. सोबत चिठ्ठी : 'हे नुसत्या पॅलॅडियमसारखं वागतंय.' तेव्हा कुठे मी पिंप धुतलेल्या पाण्याचं खिडकीत विसरलेलं बीकर पाहिलं. तळाशी दह्यासारखा साका, उजेडाकडच्या बाजूनं जांभळट झालेला. सिल्व्हर क्लोराइडशिवाय दुसरं काय असणार?

नवीन मंडळींना न विचारता सांगतो : चांदी घालण्याआधी गोळ्यांचं धुवण घ्या, त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. गढूळलं तर थांबा. आणि गोळ्या किती पाणी पितात ते दर पोत्याला मोजा, मागच्या वहीतला आकडा उचलू नका.

बाईंनी पुढची बॅच घेतली, तीही आगाऊ रक्कम देऊन. नंतरची बारा वर्षं बरी गेली.

त्या प्रतिस्पर्ध्याच्या माहितीपत्रकावर हल्ली 'पॅलॅडियम-चांदी' ठळक अक्षरांत असतं. मी एक प्रत पिंपाशेजारी चिकटवली आहे.