रंध्याच्या नोंदी : सागवानासाठी चार नंबरचा चिपब्रेकर

जुन्या दारातून निघालेल्या सागवानी फळीवर चार नंबरचा, म्हणजे शेवटची सफाई करायचा रंधा आता दोन्ही दिशांनी चालतो आणि टवके निघत नाहीत. त्यासाठी रंध्यात काय बदललं आणि कशाला मुद्दाम हात लावला नाही, ते या नोंदीत लिहितो. महागडा रंधा घेऊन बसलेल्यांना याचा उपयोग व्हावा. मुळातच नीट घडवलेलं हत्यार आपल्या लाकडाला आणि आपल्या हाताला जुळवून घेणं हे भंगारातून आणलेला रंधा दुरुस्त करण्यापेक्षा फार वेगळं काम आहे.

रंधा लाय-नील्सनचा आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९८१ साली सुरू झालेला हा कारखाना स्टॅनली कंपनीच्या बेडरॉक नावाच्या जुन्या रचनेवर रंधे बनवतो. माझ्याकडचा लोखंडी आहे, फ्रॉग (पातं ज्यावर टेकतं तो उताराचा आधार) ४५ अंशांचा, पातं ए-टू जातीच्या पोलादाचं आणि सव्वातीन मिमीच्या आसपास जाड.

तळापासून सुरुवात केली ती फक्त तपासण्यापुरती. पातं आत ओढून घेतलं, पण लिव्हर कॅप (पातं दाबून धरणारी वरची टोपी) नेहमीसारखीच आवळून ठेवली, कारण त्या दाबाने तळ किंचित हलतो आणि सुटा तळ मोजून खरं चित्र कळत नाही. सरळपट्टी लावून फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) दीड थाऊची, म्हणजे इंचाच्या दीड हजारांशाची पट्टी घालून पाहिली. टोक, तोंडाच्या (पातं तळातून डोकावतं त्या फटीच्या) पुढची कड आणि शेपूट, कुठेच शिरली नाही. मग तिथे पॉलिश पेपर लावायचं काही कारणच उरत नाही. काचेवर पेपर चिकटवून नवा कोरा तळ घासत बसणारे बरेच भेटतात, पण हाताने घासताना रंधा जरासा डुलतो आणि कारखान्यात सपाट झालेला तळ कडांना गोल होतो. मी फक्त तळाच्या बाहेरच्या तीक्ष्ण कडा बारीक कानशीने मोडल्या, म्हणजे रंधा तिरका झाला तरी फळीवर ओरखडा उठणार नाही.

आता मुख्य काम, चिपब्रेकर, म्हणजे पात्यावर स्क्रूने आवळलेली, धारेच्या जरा मागे संपणारी पट्टी. उलट्या रेषेवर, म्हणजे तंतूंच्या विरुद्ध रंधताना, टवका निघतो तो असा : पातं ढलपी उचलतं, ती ढलपी तरफेसारखी वर ओढली जाते आणि चीर धारेच्या पुढे, तंतूंच्या दिशेने खाली पळते. धार कितीही तीक्ष्ण असली तरी चीर तिच्या आधी पोचलेली असते. चिपब्रेकर धारेच्या अगदी जवळ आणला की तो ढलपीला लगेच पुढे वाकवतो आणि चीर पुढे पळायला जागाच राहत नाही. जपानमधल्या यामागाता विद्यापीठात कावाई आणि कातो यांनी हे प्रयोग करून जवळून चित्रित केले. धारेपासून ०.१ ते ०.३ मिमी अंतर आणि चिपब्रेकरच्या ओठाला (पुढच्या कडेला) ५० व ८० अंशांचे कोन त्यांनी तपासले. २०१२ च्या सुमारास ती फिल्म आपल्यासारख्या हौशी लोकांपर्यंत पोचली आणि बऱ्याच जणांचं रंध्याबद्दलचं मत बदललं. माझंही त्यानंतरच बदललं.

माझ्या चिपब्रेकरचा ओठ सपाट उताराचा होता. त्याच्या अगदी टोकाला १००० च्या सहाणेवर साधारण ५० अंशांचा कोन दिला. कोनाची पट्टी केसाएवढी रुंद झाली तरी पुरते, कारण ढलपी तेवढ्याच जागेवर आपटते. मग खालची बाजू. ती अशी घासायची की फक्त पुढची कड पात्याला टेकेल आणि मागे थोडी पोकळी राहील. दोन्ही जोडून उजेडासमोर धरलं आणि कुठूनही प्रकाश दिसला नाही, तेव्हाच थांबलो. तिथे फट राहिली तर ढलपी तीत अडकते आणि दोन ओढींत तोंड तुंबतं. शेवटी ओठाला चामड्यावर हिरवं कंपाऊंड (पॉलिशची लुकटी) लावून चकाकी आणली.

बसवताना स्क्रू अर्धवट आवळायचा, चिपब्रेकर बोटाने पुढे ढकलत न्यायचा आणि धारेच्या मागे पोलादाची बारीक चमकती रेघ तेवढी उरली की घट्ट करायचं. ढलपी स्वतःच सांगते जमलं की नाही. गोल वेटोळं होऊन बाहेर पडली तर चिपब्रेकर अजून लांब आहे. सरळ वर उभी राहून आली तर बरोबर. चुरगळून, घड्या पडून यायला लागली आणि ढकलायला जड गेलं, तर फार जवळ आलाय. पात्याला दोन्ही कोपऱ्यांत दिलेली किंचित गोलाईही या अंतरापेक्षा कमीच हवी, नाहीतर कोपऱ्यात चिपब्रेकर धारेच्या पुढे जातो.

इथेच एक गोष्ट ठासून सांगतो. चिपब्रेकर जवळ आणला की रंध्याचं तोंड उघडं ठेवा. तोंड बारीक करणं हा टवके रोखायचा जुना उपाय, पण दोन्ही एकत्र केले तर उभी येणारी ढलपी जायला वाटच मिळत नाही. मी फ्रॉग मागे सरकवला. बेडरॉक रचनेत फ्रॉग उतारावर सरकतो, त्यामुळे मागे नेला की पातंही वर जातं. खोली पुन्हा लावून घ्यावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे धारेचा कोन वाढवणं. यासाठी ५० आणि ५५ अंशांचे फ्रॉग मिळतात, किंवा पात्याच्या सपाट बाजूला १० अंशांचा उलटा उतार दिला तरी ४५ चे ५५ होतात. जादा पात्यावर करून पाहिलं. टवके थांबतात, पण ढकलायला जास्त जोर लागतो आणि सागवानावर ती तेलकट चमक येत नाही, पृष्ठभाग थोडा मंद दिसतो. माझ्यासाठी चिपब्रेकर जिंकला.

धारेबद्दल थोडक्यात. ए-टूला २५ अंशांवर धार ठेवली तर ती बारीक-बारीक तुटते, म्हणून टोकाला ३३ अंश देतो. सागवानात सिलिका असते, धार लवकर बोथट होते, सहाण हाताशीच हवी. आणि जुन्या लाकडावर आधी चुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा सगळी मेहनत पाण्यात घालतो.

मूठ मात्र पूर्ण बदलली. माझा पंजा मोठा आहे, करंगळी दबायची. पलंगाच्या जुन्या पायातलं शिसवी लाकूड घेतलं. मूठ बसवणाऱ्या बोल्टचं लांब भोक ठोकळा चौकोनीच असताना पाडायचं, आणि त्यातही नटाच्या टोपीची रुंद खाच आधी. आकार दिल्यावर भोक सरळ जाणं जवळजवळ अशक्य. लाकडाची रेषा तळाला समांतर ठेवली, नाहीतर मुठीचं मागचं शिंग (वरचं टोक) पहिल्या धक्क्यात जातं. रंग-पॉलिश काही नाही, फक्त जवसाचं तेल. घामट हातातही मूठ निसटत नाही.

पावसाळ्यात काम संपलं की तळ कोरडा पुसून मशीनचं तेल लावतो. काम चालू असताना तळावर मेणबत्तीच्या दोन रेघा ओढल्या की रंधा निम्म्या जोरात चालतो.

पुढचं काम बाभळीवर. तिची रेषा सागवानापेक्षा वेडीवाकडी आहे, त्यामुळे ओठाचा कोन ६० च्या पुढे न्यावा लागेल असा अंदाज आहे. त्यासाठी दुसरा चिपब्रेकर वेगळा ठेवलाय, जमलेला जोड मोडणार नाही. कुणी बाभूळ किंवा खैर ४५ च्या फ्रॉगवर साफ केला असेल तर अंतर आणि कोन दोन्ही कळवा.