असू दे, लागलं तर?

दुसऱ्यांदा जपानला जाताना सगळ्यात मोठी सोय ही की तिथे काय काय मिळतं ते माहीत असतं, त्यामुळे बॅग भरताना "असू दे, लागलं तर?" असं मनात जे चालू असतं ना, त्याला उत्तर देता येतं. लागलं तर खाली फॅमिलीमार्टचं दुकान आहे. बास. मोजे, बनियन, छत्री, फोनची केबल, सगळं रात्री दोनला सुद्धा मिळतं, आणि त्यांचे ते पांढरे, हिरव्या-निळ्या पट्ट्यांचे मोजे तर इतके फेमस झालेत की लोक आठवण म्हणून घरी आणतात.

म्हणून यंदा नोव्हेंबरात फक्त केबिन बॅग. नवऱ्याला अजून पटलेलं नाहीये, पण तो जिने विसरलाय. टोकियोच्या मेट्रोत लिफ्ट असते हो, पण ती नेमकी प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला, आणि वर आल्यावर कळतं की आपल्याला पाहिजे ते एक्झिट रस्त्यापलीकडे आहे. शिवाय टोकियो-क्योटो शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंमीच्या वर बॅग गेली की मागे बॅग ठेवायला जागा असलेलं सीट आधी बुक करावं लागतं, 2020 पासून हा नियम आहे.

कपडे तीनच जोड, कारण साध्या बिझनेस हॉटेलातही नाण्यांवर चालणारं वॉशिंग मशीन असतं. मला तर तो कार्यक्रम आवडायला लागलाय. कितीतरी हॉटेलांत कुठलं मशीन रिकामं आहे ते खोलीतल्या टीव्हीवर दिसतं, मग हॉटेलनेच दिलेला नाइटसूट आणि स्लिपर घालून खाली जायचं, साबण बऱ्याचदा मशीनच घेतं, ड्रायरला शंभर येनची नाणी टाकत बसायचं, आणि शेजारी कोणीतरी ऑफिसवाला आपले शर्ट फिरताना बघत उभा असतो. गरम कपड्यांच्या घड्या घालताना त्यानेही आपल्यासारखाच नाइटसूट घातलेला असतो, त्यामुळे लाजायचं काही कारणच उरत नाही.

कोयासानला, म्हणजे डोंगरावरच्या त्या मंदिरांच्या गावाला, मात्र केबिन बॅगसुद्धा नेणार नाही. ओसाकाहून ट्रेन, मग केबल कार, मग बस, आणि मंदिरातल्या मुक्कामात बूट काढून लाकडी व्हरांड्यातून चालायचं, तिथे चाकं कुठे फिरवणार? त्यासाठी ताक्क्युबिन, म्हणजे सामान पोचवणारी कुरियर सेवा. हॉटेलच्या काउंटरवर फॉर्म भरायचा, पैसे द्यायचे, बॅग बहुतेक दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात हजर. यामातो कंपनीने 1976 मध्ये ही सेवा सुरू केली आणि आता लोक गोल्फचं किट, स्कीसुद्धा असेच पाठवतात. आपण एका रात्रीचे कपडे पाठीला लावून मोकळे.

न्यायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. हातरुमाल, कारण बाथरूममध्ये हात पुसायला कित्येकदा काहीच नसतं. नाण्यांसाठी छोटी पर्स. पटकन काढता-घालता येतील असे बूट आणि भोकं नसलेले मोजे. दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर. हेअर स्ट्रेटनर घरीच, तिथे 100 व्होल्ट, आपलं 230 वालं नीट तापतच नाही. सर्दीच्या गोळ्या बघून घ्यायच्या, स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांच्या वर असेल तर जपानमध्ये नेताच येत नाही.

उरला खाण्याचा प्रश्न. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिकडे सगळ्यात मासा असतो म्हणतात." खोटं नाहीये ते, साध्या नूडल्सच्या सूपमध्येही दाशी, म्हणजे बोनितो माशाचा अर्क असतो, म्हणजे आमच्यासारख्या शाकाहारी लोकांचे वांधेच. पण कोयासानच्या मंदिरांत भिक्खूंचं शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं, आणि टोकियोत निशी-कासाईला इतके भारतीय राहतात की डाळ-तांदळाची चिंता नाही. "आई, दोन दिवसांचे थेपले नेते, पंधरा दिवसांचे नको," यावर तह झाला.

चहाची पावडर मात्र नेणार, तिच्यावर चर्चा नाही. खोलीत किटली असते, खाली दूध मिळतं, आणि बाटलीतल्या त्या गार गोड दुधाच्या प्रकाराला चहा म्हणायला मी तयार नाही, मग बॅगेतला एक शर्ट कमी झाला तरी चालेल.