शिक्षेवरची सुनावणी दोन मिनिटांत उरकू नका

आज कोर्टात पुन्हा तेच. आरोपी दोषी ठरला, वकील उठले: "गरीब आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया दाखवावी." झालं! फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 258 शिक्षेबाबत वेगळं ऐकून घ्यायला सांगतं ते एवढ्यासाठी? साध्या चोरीला 3 वर्षांपर्यंत कैद, किंवा नुसता दंड, किंवा दोन्ही. एवढ्या मोठ्या पट्ट्यात आकडा कुठे बसवायचा, याचं ठरलेलं कोष्टक आपल्याकडे नाही. न्यायाधीशांसमोर कागदच नसतील तर एकसारख्या गुन्ह्यांना वेगवेगळ्या शिक्षा होणारच.

म्हणून वकिलांनो, आरोपीच्या वयाचा दाखला, कामाचा पुरावा, उपचारांचे कागद तयार ठेवा. परिवीक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे आरोपीची पार्श्वभूमी आणि वागणूक तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा, अहवाल मागा. दोषीला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येणारा 1958 चा अपराधी परिवीक्षा कायदा त्यासाठीच आहे. 5000 रुपयांच्या आतली चोरी, पहिलीच दोषसिद्धी आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल तर शिक्षा समाजसेवेची आहे, हे स्पष्ट मांडा. पीडिताचं नुकसानही याच वेळी बोललं गेलं पाहिजे, ते तर हमखास राहून जातं.

अनेक कलमांखाली शिक्षा झाली तर त्या एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हे आदेशात लिहून घ्या. कच्च्या कैदेतले दिवस त्याच संहितेच्या कलम 468 खाली शिक्षेतून वजा होतात; अटकेची आणि जामिनाची तारीख तुरुंगात पाठवायच्या वॉरंटवर तपासूनच बाहेर पडा.