आमची वाटचाल: वागळे इस्टेटचा पोटमाळा ते अकरा मिनिटांचा घोळ

२००७ ला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधे एक पोटमाळा भाड्याने घेतला, खाली पावडर कोटिंगवाला, वर आम्ही दोघं पार्टनर. कामं म्हणजे पीसी फॉरमॅट करणं, व्हायरस काढणं आणि वर्षाच्या देखभालीचं कंत्राट, म्हणजे एएमसी. तेव्हा सिक्युरिटी म्हणजे अँटीव्हायरसचं खोकं, रिन्यूअल झालं की शेठ खूश. आयटी कायदा २००० पासून होता, पण आम्ही तो कधी उघडूनही बघितला नव्हता, खोटं कशाला बोलू.

कायद्याशी पहिली गाठ पडली ती अशी. ठाण्यातल्याच एका क्लासवाल्यांच्या साइटवर लिंकमधला नंबर बदलला की दुसऱ्याच मुलाची फी पावती उघडायची, फोन नंबरासकट. मी उत्साहाने स्क्रीनशॉट घेऊन गेलो, वाटलं काम मिळेल. मालक म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला? पोलिसात देऊ का?" घामच फुटला. ओळखीच्या वकिलांनी चहा पाजला आणि समजावलं की कलम ४३ मधे तुमचा हेतू काय होता हे कोणी विचारत नाही, मालकाची परवानगी होती का एवढंच, आणि नव्हती तर भरपाई. अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं असेल तर मग ६६, तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे आमच्या डोक्यात सिक्युरिटी म्हणजे भोक शोधणं आणि कायद्याच्या डोक्यात आधी दार कोणाचं ते! तेव्हापासून लेखी परवानगीशिवाय आम्ही कोणाच्या साइटचा नंबरसुद्धा बदलून बघत नाही. क्लासवाल्यांचं काम काही मिळालं नाही ते नाहीच.

२०११ ला त्याच कायद्याच्या कलम ४३अ चे, लोकांची खासगी माहिती सांभाळायचे नियम आले, त्यात आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं नाव होतं, मग जो तो सर्टिफिकेट मागायला लागला. आम्ही फायली रंगवल्या, पैसेही बरे मिळाले, त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं नाही.

२०१८ ला नवी मुंबईत महापेला शिफ्ट झालो आणि त्याच वर्षी मे महिन्यात युरोपात जीडीपीआर, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा, लागू झाला. आमचा एक कस्टमर जर्मनीतल्या कंपनीचं बॅकऑफिस बघायचा, तिकडून प्रश्नावली आली चाळीस पानी. एकही प्रश्न मशीनबद्दल नाही, सगळे माणसाबद्दल, हा डेटा कोणाचा, का ठेवलाय, कधी पुसणार. आपल्या कायद्यातली सायबर सुरक्षेची व्याख्या वाचा, माहिती, उपकरण, कॉम्प्युटर, सगळं कशापासून वाचवायचं ते आहे, पण ती माहिती ज्याची आहे तो माणूस त्यात कुठे नाही. सर्व्हर तोच, रॅक तोच, पण देश बदलला की सुरक्षेचा अर्थच बदलतो हे मला तेव्हा कळलं.

मग २८ एप्रिल २०२२, सर्ट-इनचे, म्हणजे सायबर हल्ल्यांकडे बघणाऱ्या सरकारी संस्थेचे निर्देश. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवा, लॉग, म्हणजे सिस्टिममधे कोण कधी आलं-गेलं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवा, सगळी घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवा. ईमेल, फोन आणि फॅक्सने पण कळवता येईल म्हणे, फॅक्स! छोट्या धंद्यांना सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली. व्हीपीएनवाल्यांनी, म्हणजे इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी विकणाऱ्यांनी, गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षं ठेवायची वाचून आमच्या कस्टमरांचे फोनवर फोन, ऑफिसचं व्हीपीएन बंद करायचं का, शेवटी ते कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनला लागू नाही असा खुलासा आला तेव्हा शांतता झाली. घड्याळाचं कलम मात्र मला सरकारी खुळ वाटलं होतं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर रबाळ्याच्या एका कारखान्यातून फोन, शनिवार, दुपारचे पावणेचार, सगळ्या फायली लॉक. शेठ म्हणाले, "अहो कळवलं की बोभाटा होईल, ऑर्डरी आहेत." मी म्हटलं, पावणेदहाच्या आत सर्ट-इनला मेल गेलाच पाहिजे, तो माझा नियम नाही. तेवढ्यात त्यांनी रात्रपाळीच्या सुपरवायझरला बोलावून बसवलं होतं, कारण सर्व्हरवर त्याच्याच नावाने २:३० ला लॉगिन आणि त्याचं पंचिंग आउट २:३५ चं. पोरगा पांढरा फटक. फायरवॉलमधे, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्यात, बाहेरून कोणीतरी आत आलेलं दिसत होतं, पण २:४१ ला, म्हणजे वेगळंच काहीतरी. अर्धा तास डोकं खाजवलं आणि मग पार्टनरने फायरवॉलची वेळ मोबाइलशी ताडून बघितली. अकरा मिनिटं पुढे! २:४१ म्हणजेच २:३०. पोराचा पासवर्ड चोरून कोणीतरी बाहेरूनच आलं होतं. मेल ९:२० ला गेला. सोमवारी आम्ही सगळ्या कस्टमरांची घड्याळं एनआयसीच्या सर्व्हरला लावली, त्याचं नाव पण "समय" आहे, मला आवडलं.

आता नवीन डोकेदुखी. लॉगमधला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा जोडणीचा नंबर, युरोपात वैयक्तिक माहितीत धरतात, त्यामुळे जर्मनीवाले विचारतात एवढे दिवस ठेवता कशाला, आणि इथे १८० दिवसांच्या आत पुसला तर आपण अडचणीत. त्यात आपला वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा डीपीडीपी कायदा, २०२३ चा, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि मोठा भाग दीड वर्षाने लागू होणार. युरोपात धोका मोठा असेल तरच लोकांना सांगावं लागतं, आपल्याकडे डेटा फुटला की ज्याचा फुटला त्या प्रत्येकाला कळवायचं, नाही कळवलं तर दंड २०० कोटींपर्यंत. माझ्या मते हे जरा अतीच आहे, रोज मेसेज यायला लागले तर वाचणार कोण?

जर्मनीवाल्यांशी तोडगा निघाला तो असा की त्यांचे लॉग वेगळे, कुलपात, उघडायचे तर दोघांची सही, आणि १८१ व्या दिवशी पहाटे ३ ला स्क्रिप्ट चालून जुना दिवस पुसला जातो. पहिल्या रात्री मी ऑफिसातच थांबलो होतो, चुकून जास्त पुसलं तर काय घ्या. ३:०० ला एक ओळ आली, एक दिवस गेला, बाकी १८० जागेवर.