तुम्ही विचारलंत म्हणून: पूर्ण बरी होण्याआधीच उमऱ्याला का गेले?

"पूर्ण बऱ्या होऊन गेला असतात तर काय बिघडलं असतं?" मक्केच्या उमऱ्याबद्दल, म्हणजे हजहून छोट्या यात्रेबद्दल, हा प्रश्न मला माहीमच्या आमच्या इमारतीतल्या शेजारणींनी विचारला, शाळेतल्या जुन्या सहकारी शिक्षिकांनी विचारला आणि परळच्या रुग्णालयात माझ्याबरोबर नंबर लावून बसणाऱ्या बायकांनीही विचारला. त्यामागे काळजी असते, याबद्दल मला शंका नाही. मात्र त्या काळजीत एक समजूत मिसळलेली असते: यात्रा ही धडधाकट माणसाने अंग झिजवून करायची गोष्ट आहे, आणि आजारी बाई निघाली तर तो एक तर नवस असणार, नाही तर हट्ट. माझ्या बाबतीत दोन्हीही नव्हते.

मला उजव्या स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठीही काढल्या, मग केमोथेरपी झाली, मग रेडिएशन झाले, आणि त्यानंतर रोज एक हार्मोनची गोळी सुरू झाली, जी अजून कित्येक वर्षे घ्यायची आहे. या आजारात 'आता तुम्ही पूर्ण बऱ्या झालात' असे डॉक्टर एखाद्या दिवशी जाहीर करत नाहीत. ते पुढच्या तपासणीची तारीख देतात. त्यामुळे बरी होऊन जायचे म्हणजे नेमके कधी जायचे, याचे उत्तर विचारणाऱ्यांकडे नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. मी डॉक्टरांना विचारले ते एवढेच, की रक्तातल्या पेशी सावरल्या आहेत का, प्रवास झेपेल का आणि मेंदूज्वराची सक्तीची लस घेता येईल का. त्या लशीत जिवंत जंतू नसतात, म्हणून हरकत नाही, असे त्यांनी सांगितले आणि हिवाळ्यात जा म्हणाले.

हज न करता उमरा का केला, याचे कारणही हेच आहे. हजचे दिवस जिल्हिज या इस्लामी महिन्यात ठरलेले असतात. मिनाचा मुक्काम, नऊ तारखेला अरफातचे मैदान, मुजदलिफाची उघड्यावरची रात्र आणि मग सैतानाच्या खांबांना खडे मारताना होणारी जमरातची गर्दी, यांतले काहीही आपल्या सोयीने पुढे-मागे करता येत नाही. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 50 अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारच्याच आकड्यांनुसार 1,301 यात्रेकरू दगावले. कुराणाने हज फर्ज, म्हणजे सक्तीचा, केला आहे तो तिथवर पोहोचण्याची ऐपत असलेल्यांवर, आणि त्या ऐपतीत पैशाबरोबर प्रकृतीही येते. उमऱ्यासाठी मात्र आपल्याला झेपेल तो महिना निवडता येतो. शिवाय आम्ही कोकणी मुसलमान शाफई या धर्मशास्त्रीय परंपरेतले असल्यामुळे आमच्याकडे उमराही आयुष्यात एकदा फर्ज मानला जातो. हनफी या दुसऱ्या परंपरेतल्या मंडळींकडे तो सुन्नत, म्हणजे सक्ती नसलेली पण करावी अशी गोष्ट, आहे.

आता तवाफासाठी, म्हणजे काबाभोवतीच्या फेऱ्यांसाठी, मी वापरलेल्या चाकाच्या खुर्चीविषयी सांगते, कारण सर्वांत जास्त कुजबुज तिच्याबद्दल झाली. आपल्या महाराष्ट्रात यात्रा म्हटली की डोळ्यांसमोर पायी वारी येते, आणि खुर्चीत बसून केलेला तवाफ पुष्कळांना अर्धामुर्धा वाटतो. यात आमचे नातेवाईकही आलेच. परंतु आजारी माणसाची सोय काल-परवा कोणी दयेपोटी काढलेली नाही. हजरत उम्मे सलमा या पैगंबरांच्या पत्नींनी प्रकृती बरी नसल्याचे सांगितले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना लोकांच्या मागून, वाहनावर बसून तवाफ करायला सांगितले, आणि त्या तवाफ करत असताना ते स्वतः काबाजवळ नमाजात कुराणातला सूरे तूर हा अध्याय पढत होते, असे सहीह बुखारी या हदीसांच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या, संग्रहात आहे. अखेरच्या हजमध्ये खुद्द पैगंबरांनीही उंटावर बसून तवाफ केला होता. हे वाचल्यावर खुर्चीबद्दल संकोच वाटण्याचे कारणच मला उरले नाही. जितके हाल तितके पुण्य, हा हिशेब मला कधी पटलाही नाही. आजारपणात हाल पुरेसे झाले होते.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची हदीस जुबाआ बिन्ते जुबैर यांची आहे. जुबाआ या पैगंबरांच्या चुलत बहीण. त्यांना हज करायचा होता, पण अंगात दुखणे होते. पैगंबरांनी त्यांना नियत, म्हणजे यात्रेचा संकल्प, करतानाच अट घालायला सांगितले: हे अल्लाह, तू मला जिथे अडवशील तिथे माझा एहराम सुटेल. एहराम म्हणजे यात्रेतली निर्बंध पाळण्याची अवस्था. एरवी वाटेत अडकलेल्या माणसाला एहरामातून बाहेर पडण्यासाठी कुर्बानी द्यावी लागते. अट घातलेली असेल तर शाफई मताप्रमाणे आजाराच्या कारणाने कुर्बानी न देताच बाहेर पडता येते. आमच्या टूरबरोबरचे मौलाना हनफी होते आणि त्यांच्या मते या अटीने काही फरक पडत नाही. त्यांनी ते सांगितले, मी ऐकून घेतले, आणि आमच्या रत्नागिरीच्या जमातीतल्या मौलानांकडून समजून घेतल्याप्रमाणे विमानात यलमलमची मीकात, म्हणजे एहराम सुरू करण्याची हद्द, येण्यापूर्वी अटीसह नियत केली. ताप आला तर रुग्णालयात जायचे आहे, हे ज्या बाईला पक्के ठाऊक असते, तिला या एका वाक्याने किती मोकळे वाटते, हे निरोगी माणसाला सांगून कळणार नाही.

बारीकसारीक प्रश्न पुष्कळ होते. एहरामात सुगंध वर्ज्य असल्याने रेडिएशनने काळवंडलेल्या त्वचेसाठी बिनवासाचे मलम शोधावे लागले. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू नये म्हणून घट्ट बाही घालतात. स्त्रीला एहरामात शिवलेले कपडे चालत असल्यामुळे तिची अडचण नव्हती, पण तिच्याबरोबरचा पंजाचा भाग हातमोज्यासारखा असतो आणि हातमोजे चालत नाहीत. विमानात पंजा सुजायला लागला, म्हणून मी तो घातला आणि मक्केत त्याचा फिदया, म्हणजे नियम मोडल्याची भरपाई, दिला. तीन रोजे, सहा गरिबांना अन्न किंवा एक बकरी, यांतले काहीही निवडता येते. पैगंबरांचे सहकारी काब बिन उजरा यांना डोक्यातल्या उवांमुळे एहरामात केस उतरवावे लागले, तेव्हापासूनचा हा नियम आहे. मी सहा जणांचे अन्न दिले.

तवाफ वरच्या मजल्यावरून झाला. तिथला फेरा अंगणातल्या फेऱ्यापेक्षा बराच लांब पडतो, पण गर्दीचा रेटा नसतो. परपुरुषाचा स्पर्श झाला तरी वजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन घेतलेली शुद्धी, तुटतो, हे शाफईंचे मत त्या गर्दीत पाळणे इतके कठीण, की पुष्कळ कोकणी लोक तिथे हनफी मतावर चालतात. माझी मात्र खुर्चीमुळे त्यातूनही सुटका झाली. प्रत्येक फेऱ्याला काबाच्या कोपऱ्यातल्या हजरे अस्वद या काळ्या दगडाच्या रेषेत आले की उजवा हात वर करायचा असतो. याच हाताला फिजिओथेरपीत भिंतीवर बोटे चढवायची सवय केली होती. खांद्याच्या वर तो अजून जेमतेम जात होता, तेवढाच नेला. सईसाठी, म्हणजे सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या येरझाऱ्यांसाठी, मधोमध खुर्च्यांची वेगळी वाट आहे, माझा भाऊ ढकलत होता आणि ती लवकर आटोपली.

शेवटी केस कापायचे असतात. बायका बोटाच्या पेरभर कापतात. माझे सगळे मिळूनच तेवढे उगवले होते. शाफई मताप्रमाणे तीन केस कापले तरी पुरते. वहिनीने नखांच्या कात्रीने तीन कापले आणि चौथा चुकून आला, तेव्हा आम्ही दोघी मोठ्याने हसलो.

तिथे जाऊन आजार बरा झाला का, असेही विचारले जाते. मक्केतल्या झमझम विहिरीचे पाणी पिताना मी शिफा, म्हणजे आरोग्य, मागितली, आणि हार्मोनची गोळीही त्याच पाण्याबरोबर घेतली. उपचार करा, असे पैगंबरांनीच सांगितले आहे. परत आल्यावर तपासणी ठरल्या तारखेलाच झाली.

राहिला हज. त्याच्या अर्जाला वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला लागतो. डॉक्टर तो देतील त्या वर्षी मी अर्ज भरेन. शाफई मतात हजला उशीर करायला मुभा आहे. दाखला कधीच मिळाला नाही तर हज्जे बदल, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने करायचा हज, आहे, आणि ज्याने स्वतःचा हज केलेला आहे त्यालाच तो दुसऱ्यासाठी करता येतो. माझ्या भावाचा झालेला आहे. त्याला मी सांगून ठेवले आहे आणि त्या खर्चाचे पैसे बँकेत वेगळे काढले आहेत.