तुम्ही विचारलंत म्हणून: गुडघा का नाही बदलला?

"पाय सरळ करायला एवढं नडगीचं हाड कापून घेतलंत, त्यापेक्षा वाटी बदलून मोकळ्या का नाही झालात?" लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच. पैशांसाठी नाही. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर सरकारने 2017 च्या ऑगस्टमध्येच मर्यादा घातली. भीती होती, नाकारत नाही. पण ती कापायचीही होतीच की!

आधी मी दुर्बिणीतून गुडघा धुऊन घ्यायला निघाले होते. दोन छिद्रं, लगेच घरी. डॉक्टर म्हणाले, 2002 साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. काही रुग्णांना नुसत्या वरवर चिरा दिल्या होत्या, आत काहीच केलं नव्हतं. दोन वर्षांनी ते आणि गुडघा धुतलेले सारखेच.

मग त्यांनी उभं करून काढलेला, अख्ख्या पायाचा एक्स-रे लावला आणि खुब्यापासून घोट्यापर्यंत पट्टीने रेघ ओढली. ती गुडघ्याच्या साधारण मधून जायला हवी. माझी पार आतल्या कडेने गेली. आतली फट जवळजवळ मिटलेली, बाहेरची चांगली मोकळी. "झीज आतल्या बाजूलाच आहे आणि नडगीला बाक आहे. वय अठ्ठेचाळीस, दिवसभर वर्गात उभ्या." अर्धा सांधा, म्हणजे फक्त झिजलेली आतली बाजू, बदलूनही नडगीचा बाक राहिलाच असता. दहातले साधारण आठ पूर्ण बदललेले गुडघे 25 वर्षं टिकतात, हेही त्यांनी सांगितलं. मी हिशेब केला: त्र्याहत्तर. आमच्याकडच्या बायका नव्वदी गाठतात. त्या वयात दुसऱ्यांदा टेबलावर जायचं?

म्हणून नडगी वरच्या टोकाशी कापून, आतल्या बाजूने पाचरीएवढी उघडून, धातूची पट्टी नि स्क्रू बसवले; म्हणजे पाय सरळ होऊन वजन बाहेरच्या चांगल्या बाजूकडे सरकावं. हाड भरेपर्यंत कुबड्या. मुलीच्या खांद्याला धरून संडासला जाताना मीच मला विचारायचे, सांधा बदललेल्या बायका दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालतात, तू काय मिळवलंस? आजही पट्टीवर हात पडला की दुखतं, पुढे कधीतरी गुडघा बदलावाही लागेल. पण पूर्ण तास उभी राहून शिकवते.

आणि तुमच्या सत्तरीतल्या आईंचा गुडघा दोन्ही बाजूंनी झिजलाय म्हणता, तर त्यांना माझं उदाहरण देऊ नका. त्यांच्यासाठी गुडघा बदलणंच बरोबर असू शकतं. उभ्याने काढलेला एक्स-रे घेऊन जा.