नीरेच्या पुढची दुपार

वारीतला दिवे घाट कसा होता असं सगळेच विचारतात. पुढच्या माणसाची पाठ आणि डोक्यावर ड्रोन, एवढाच दिसला. सासवड, जेजुरी, वाल्हं कुठं संपलं न् कुठं सुरू झालं आता सांगता येत नाही.

नीरेला दत्तघाटावर पादुकांचं स्नान झालं, आम्हीपण पाण्यात उतरलो आणि ओले पाय तसेच मोज्यात कोंबून लोणंदची वाट धरली. पाडेगाव मागे पडेपर्यंत टाचेला हा एवढा फोड. तोंडात ज्ञानोबा माऊली तुकाराम, आणि मनात, मागून सारखा हॉर्न मारणाऱ्या टेम्पोवाल्याच्या सात पिढ्या.

शेवटी लिंबाखाली बसलोच. शेजारी एक आजी तुळस खाली ठेवून गुडघे चोळत होत्या, बोलण्यावरून सांगलीकडच्या असाव्यात. "दाव पाय." म्हणलं नको आजी, पुढं डॉक्टरांचा तंबू आहे. "तिथं बी पायच बघत्यात न्हवं?" असं म्हणून पिशवीतनं सुईदोरा काढला पण. मी सुई जरा तापवून घ्या म्हणलं तर पलीकडच्या बाबांकडं काडेपेटी मागितली, त्यांनी लगेच खिशातनं काढून दिली, आणि मग माझा पाय मांडीवर तसाच ठेवून आजींनी त्यांनाच धरलं, गळ्यात माळ आणि खिशात काडेपेटी कशी काय? "उदबत्तीला," बाबा म्हणाले. कुठली उदबत्ती ते कुणी विचारलं नाही.

तोवर भोवती गर्दी. कुणी हळद सांगतंय, कुणी एरंडेल, आणि भारी कॅमेरावाला एक पोरगा मला म्हणतोय, "माऊली, जरा इकडं बघा ना, नॅचरल स्माईल." आजींनी मान वर केली. "मोकळाच हाईस न्हवं? मग धर ह्याचा पाय." त्यानं एका हातात कॅमेरा सांभाळत दुसऱ्या हातानं माझी चिखलाची पोटरी धरली, आणि आजींनी सुई फोडाच्या एका कडेनं घालून दुसरीकडनं काढली, दोरा आतच ठेवला, टोकं दातानं तोडली. पाणी दोऱ्यावाटे झिरपतं, वरची कातडी शाबूत राहते. दुखलं नाही फारसं. ओरडलो मात्र विठ्ठलाच्या नावानं.

मोबदला म्हणून त्यांच्या मुलाला फोन लावून दिला. मी बरी हाय, म्हशीला पेंड घातली का, एवढंच बोलून फोन माझ्या हातात, तुळस डोक्यावर, आणि बाई गेल्या सुद्धा. त्यांचं गाव विचारायचं राहिलंच. मला त्यांना गाठता आलं नाही, लंगडत कसला गाठतोय.

लोणंदला समाजआरती, म्हणजे तळावर सगळ्या दिंड्यांची एकत्र आरती. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंच धरला आणि अख्खा तळ गप्प. मला उगाच भरून आलं. पण आमच्या दिंडीला टँकर मिळाला नव्हता, म्हणून आमचे टाळ चालूच, तक्रार असली की थांबायचं नाही हा नियमच आहे, आणि दुपारचा सगळा राग काढून मीच सगळ्यात जोरात वाजवत होतो. चोपदार आले, ऐकून घेतलं, टँकरचं बघतो म्हणाले, तेव्हा टाळ थांबले. मग हरवलं-सापडलं सुरू झालं. काठी, चष्मा, एका पायाची चप्पल. तळावर कवळी सापडली आहे, ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून न्यावी.

दोघं उठले.